तंबूमागचे दस्तगीर मास्तर

परवा रेडिओवर त्या संगीतकारावर लांबलचक कार्यक्रम झाला. त्यांच्या पहिल्या चार सिनेमांतल्या गाण्यांनी पुढच्या सगळ्यांना कशी वाट दाखवली, कुणी त्यांच्याकडून काय उचललं, हे दोन विद्वान गृहस्थ आळीपाळीनं सांगत होते. मी मेथी निवडत ऐकत होते. एकजण म्हणाले, त्या चार सिनेमांचा प्रभाव कलकत्त्यापासून लाहोरपर्यंत पोचला. असेल बाबा, मी मनात म्हटलं. पण कळंबला पोचला होता त्याचं काय? कार्यक्रम संपेपर्यंत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढणार तरी कोण? ज्याला ठाऊक होतं तो माणूस आमच्या घरासमोर राहायचा, आणि त्याला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

संगीतकाराचं नाव मी इथं लिहीत नाही. दस्तगीर मास्तरांच्या तोंडून ते कधी निघालं नाही. दुसऱ्या कुणी घेतलं, अगदी पानपट्टीवर सहज घेतलं, तरी मास्तरांचा हात उजव्या कानाकडं जायचा आणि कानाची पाळी चिमटीत धरली जायची. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत गुरूचं नाव निघालं की असं करतात. मास्तर त्यांना नुसतं ‘उस्ताद’ म्हणायचे. या उस्तादांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. उस्तादांना तर कळंब नावाचं गाव आहे हेही ठाऊक नसणार.

मास्तरांची माझी ओळख माझ्याच लग्नात झाली. मी बार्शीची. आमच्या बार्शीत गिरण्या, वीज, पक्कं थेटर, सगळं होतं, आणि कळंबला मुलगी द्यायची म्हटल्यावर माझ्या मैत्रिणींनी नाकं मुरडली होती. सासरची आडत होती कळंबच्या मोंढ्यात. वऱ्हाडाबरोबर त्यांनी आपल्या गावचा बँड आणला होता. पुढं एक उंच, वाळका माणूस, अंगात तांबडा डगला, हातात क्लॅरिओनेट. डगला जुन्या राजवटीतल्या पलटणीचा होता. मास्तर त्या पलटणीच्या बँडात होते. राज्य बदललं, पलटण मोडली आणि मास्तर घरी आले ते त्या डगल्यासकट. पितळी बटणांवर जुनं चिन्ह होतं म्हणून त्यांनी ती उसवून टाकली आणि सदऱ्याची पांढरी बटणं लावली. त्या दिवसांत अशी चिन्हं अंगावर बाळगायला माणसं भीत होती. मोठ्या ढोलावर ‘दस्तगीर ब्रास बँड, कळंब’ अशी अक्षरं होती.

पाठवणीची वेळ झाली आणि मास्तरांनी एक गाणं सुरू केलं. मी चमकलेच. हे गाणं मी आमच्या थेटरात दोनदा ऐकलेलं. त्या संगीतकाराच्या अगदी पहिल्या सिनेमातलं. त्यात पोरी बैलगाडीत बसून जत्रेला निघतात, एकमेकींना चिमटे काढतात, गाडीवानाला चिडवतात. नाचरं, उड्या मारणारं गाणं. आणि मास्तर ते इतकं संथ, इतकं खालच्या पट्टीत वाजवत होते की मांडवात खसखस पिकली. माझी मावसबहीण कानाशी येऊन पुटपुटली, या पोरी म्हशीवर बसून निघाल्यात वाटतं जत्रेला. पाठवणीच्या वेळी नवरी हसत होती, असं आमच्याकडं अजून सांगतात. ते खरं आहे.

पण गाणं पुढं जात राहिलं. मास्तरांना हसण्याचं सोयरसुतक नव्हतं. एकेका सुरावर ते असे थांबायचे, जसं दारातून निघालेलं माणूस उंबऱ्याशी थांबतं. अंतऱ्याला पोचेपर्यंत मांडवात कुणी हसत नव्हतं. माझे वडील मोठे करारी, आई गेली तेव्हासुद्धा चारचौघांत रडले नव्हते. ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मग मला जे रडू फुटलं ते वाटेतल्या येरमाळ्यापर्यंत थांबलं नाही.

कळंबला येऊन पाहते तर मास्तरांचं घर आमच्या समोरच. पहाटेची नमाज झाली की ते ओसरीवर बसून एकच सूर लांब धरायचे. त्या सुरावर मी चूल पेटवायची. वाद्याच्या तोंडाला लावायची वेताची पत्ती भिजत ठेवायला म्हणून ते ती तोंडातच धरत, त्यामुळं सकाळी त्यांच्याशी बोलणं म्हणजे मुक्याशी बोलणं. माझे सासरे आणि ते लहानपणापासूनचे दोस्त, म्हणून मला ते सूनबाई म्हणायचे. त्यांच्या बायकोला, रहिमतबीला, सगळी गल्ली चाची म्हणायची. मूलबाळ नव्हतं. चाची ठसकेबाज होती. मास्तरांचं आणि उस्तादांचं काय ते तिनंच मला सांगितलं.

पलटण मोडल्यावर मास्तर दोन वर्षं नुसते बसून होते. वाद्याला हात लावायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. मग गावात तंबूतला सिनेमा आला. मास्तर तंबूत गेले नाहीत. मागच्या बाजूला, जिथं पडद्यापाठीमागं भोंगा ठेवलेला असायचा, तिथं कनातीला पाठ लावून बसले. चित्र बघितलं की कान झोपतो, असं त्यांचं म्हणणं. सिनेमा होता त्या संगीतकाराचा पहिला. मास्तर घरी आले आणि त्यांनी पेटीतून वाद्य काढलं. “त्या दिवशी माणूस परत आला माझा,” चाची म्हणाली.

पुढं तंबू दर वर्षी यायचा आणि त्याच संगीतकाराचे सिनेमे एकापाठोपाठ एक आणायचा, तेही जुने झाल्यावर. मास्तरांनी चारही सिनेमांतली सगळी गाणी तंबूमागं बसून उचलली. चारांतला एकही सिनेमा त्यांनी पाहिला नाही. म्हणून तर जत्रेचं गाणं पाठवणीचं झालं. त्यात बैलगाडी आहे, पोरी आहेत, चिमटे आहेत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी फक्त सूर ऐकला होता आणि त्यांना त्यात घर सोडून जाणारं कुणीतरी ऐकू आलं होतं.

चौथ्या सिनेमातली गाणीही हातात बसल्यावर मास्तर उस्मानाबादच्या दर्ग्यात गेले. वाजवणाऱ्यांत शागीर्द व्हायचं तर उस्ताद मनगटावर गंडा बांधतो, गूळ-हरभरे तोंडात घालतो. उस्ताद तर मुंबईला. मग दर्ग्याच्या पायरीवर चाचीनंच त्यांच्या मनगटावर लाल दोरा बांधला, उस्तादांच्या नावानं. “बायकोच्या हातचा गंडा कच्चा असतो,” मास्तर म्हणायचे. “पक्का उस्ताद बांधतील तवा.” आयुष्यात त्यांना एवढंच एक हवं होतं. एकदा उस्तादांपुढं बसायचं, वाजवायचं, आणि त्यांनी आपल्या हातानं दोरा बांधायचा. हे त्यांनी मला एकदा असं सांगितलं, जसं एखादा हजला जायचं सांगतो. होईल न होईल, नियत तर आहे.

मी तोंडाळ. नव्यानंच आलेली असताना एकदा मी त्यांना म्हटलं, मास्तर, ते गाणं खरं इतकं संथ नाही, आमच्या बार्शीला मी दोनदा ऐकलंय. मास्तरांनी पत्ती तोंडातून काढली, धोतराला पुसली आणि शांतपणे म्हणाले, “बार्शीची मशीन पळती, सूनबाई.” मी म्हटलं, आमची पक्की मशीन, विजेवर चालणारी. तर ते म्हणाले, म्हणूनच पळती, विजेला कुठं धीर असतो.

खरी गोष्ट यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला पुढं सांगितली. तंबूवाल्याचं तेलाचं इंजन फार म्हातारं झालं होतं. जरा जोरात पळवलं की चाकावरचा पट्टा निसटायचा आणि तंबूत अंधार व्हायचा. म्हणून इंजनवाला सोपान ते मुद्दाम हळू ठेवायचा. इंजन हळू म्हणून मशीन हळू, मशीन हळू म्हणून गाणं हळू आणि खालच्या पट्टीत. नट-नट्यासुद्धा आमच्याकडं जरा पेंगुळल्यासारख्या चालायच्या. पण साऱ्या तालुक्यानं ती गाणी तशीच ऐकली होती. कळंब-येरमाळ्याच्या माणसाला विचाराल तर जगातली बाकी सगळी यंत्रंच घाईवर आलेली.

हॉटेलात रेडिओ आला तेव्हाही हेच झालं. सिलोनवर ते गाणं लागलं आणि माणसांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर म्हणाले, सिलोन लांब हाय, एवढ्या लांबून धावत यायचं म्हणल्यावर आवाजाला दम लागणारच. मग लाऊडस्पीकरवाला रेकॉर्डी घेऊन लग्नांत फिरायला लागला. मास्तर म्हणाले, ते लोक चावी जास्त देत्यात. माणसं हसायची, पण मुलीच्या पाठवणीला बोलवायची मास्तरांनाच. वरातीत रेकॉर्ड चालेल, जेवणावळीत चालेल. पाठवणीला मात्र मास्तरांचंच गाणं. आमच्या भागात मुलगी त्या गाण्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हती. बायका जात्यावर त्या चालीवर ओव्या बसवायच्या. मी माझ्या मुलीला त्याच चालीवर झोपवलं, आणि बार्शीची असूनही मला खरं गाणं कसं होतं ते आठवेनासं झालं.

दरम्यान तो संगीतकार फार मोठा झाला. त्याची नवी गाणी शंभर वाद्यांची, धडाधडा अंगावर येणारी. मास्तरांना ती आवडत नसत, पण उस्तादांना नावं ठेवणार कशी? ते फक्त म्हणायचे, उस्तादांना आता मुंबई घाई करायला लावती. बँडातली माणसं एकेक करून गेली. कुणी बार्शीच्या गिरणीत लागलं, कुणी मोंढ्यात हमाली धरली. राहिले दोघं-तिघं, मास्तरांच्याच वयाचे.

आणि मग बातमी आली की तो संगीतकार येरमाळ्याला येणार. त्याच्या सासरची कुलदेवी येडाई निघाली. चैत्राच्या जत्रेला बायकोला घेऊन दर्शनाला येतोय म्हणे. आधी मास्तरांचा विश्वास बसेना. मग पुजाऱ्याकडून निरोप पक्का झाला तेव्हा त्यांनी डगला धुऊन वाळत घातला आणि दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिले, कुणी चोरून नेईल असं. चाचीनं नवा लाल दोरा आणला. गूळ-हरभरे रुमालात बांधून दिले. बँडातल्या ढोलवाल्यानं सुचवलं की मास्तर, साहेबांपुढं रेडिओसारखं वाजवू या, उगीच परीक्षा नको. मास्तर त्याच्यावर चिडले नाहीत. म्हणाले, “उस्तादांची चीज हाय. त्यांनी बनवली तशीच त्यांच्यापुढं वाजल. त्यांना तर ठाऊक हाय ना, खरी कोणची.”

आम्ही बायकाही जत्रेला गेलो होतो. तिथल्या रिवाजाप्रमाणं रानात चुन्याचे खडे वेचून झाले, पालखी आमराईत गेली. संगीतकार दर्शन घेऊन गड उतरले आणि पायथ्याच्या हॉटेलात बाकावर चहा घ्यायला बसले. गोरे, गुटगुटीत, दमलेले गृहस्थ. भोवती ही गर्दी. मास्तर समोर उभे राहिले, सलाम केला आणि वाद्य ओठाला लावलं.

मी मास्तरांना शेकडो वेळा ऐकलं असेल, पण तसं पुन्हा ऐकलं नाही. जत्रेतला गलका हळूहळू बसला. फुगेवालासुद्धा थांबला. संगीतकारांनी कप बाकावर ठेवला आणि डोळे मिटले. त्यांच्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, झालं, मास्तरांचं काम झालं.

गाणं संपल्यावर संगीतकारांनी डोळे उघडले. मग म्हणाले, “फार सुंदर. कुणाची चाल आहे ही? इकडची जुनी असणार.”

मास्तरांचा हात कानाच्या पाळीकडं गेला. “आपलीच हाय, उस्ताद,” ते म्हणाले. “पयल्या चित्रातली.”

संगीतकारांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी बाकावर बोटांनी ठेका धरला, तोंडातल्या तोंडात गुणगुणले, गुणगुणता गुणगुणता ठेका वाढवत गेले, आणि एकदम हसायला लागले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. आपलं हरवलेलं पोर भलत्याच कपड्यांत दिसावं तसे हसले. “अहो, हे माझं जत्रेचं गाणं! पोरी बैलगाडीतून निघतात ते. तुमच्याकडची मशीन हळू चालत असणार.” मग बायकोकडं वळून त्यांनी तिला समजावून सांगितलं की मशीन हळू फिरली की सूर कसा उतरतो. बायको डोळे पुसत हसली. मोठा माणूस हसला म्हणून गर्दीही हसली. इतकी वर्षं ज्यांच्या मुली त्या गाण्यावर सासरी गेल्या, ते सगळे हसले. उठताना संगीतकारांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पण वाजवता छान. गाडी निघून गेली.

वाजवून झाल्यापासून मास्तरांनी वाद्य काखेत धरलं होतं आणि डावा हात डगल्याच्या खिशात होता. गूळ-हरभऱ्यांचा रुमाल त्या खिशात होता, हे तिथं फक्त मला ठाऊक होतं.

परतीच्या यस्टीत मास्तर पुढं बसले होते. वाटेत ते उठले, रुमाल सोडला आणि एकेका बाकापाशी जाऊन सगळ्यांच्या हातांवर गूळ-हरभरे ठेवत गेले. लोकांनी येडाईचा प्रसाद म्हणून कपाळाला लावून खाल्ले. माझ्यापाशी आले तेव्हा मीही हात पुढं केला. मी ते कपाळाला मात्र लावले नाहीत. नवा दोरा त्यांनी काय केला, मला माहीत नाही. जुना त्याच आठवड्यात मनगटावरून गेला.

त्यानंतर मास्तरांनी ते गाणं तसं पुन्हा वाजवलं नाही. कधीच नाही. आमच्याकडं तोवर रेडिओ आला होता. मास्तर येऊन ओसरीवर बसायचे आणि ते गाणं लागायची वाट पाहायचे. लागलं की बोटं मांडीवर भराभरा नाचवायचे. पहाटेचा लांब सूर बंद झाला. त्या जागी ते गाणं, खऱ्या वेगात. पण पन्नाशी उलटलेला माणूस, बोटांना संथ चालीचं वळण पडलेलं. ती अडखळायची, श्वास पुरायचा नाही, सूर चिरकायचा. चाची म्हणायची, कोंबड्या हाकल्यासारखं काय वाजवता. मास्तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, मास्तर, त्यांनी आधी फार सुंदर म्हटलं होतं, डोळे मिटून ऐकलं होतं, ते कसं विसरता तुम्ही?

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं. “कुनाची हाय ते ठाऊक न्हवतं तवर म्हनले, सूनबाई. ठाऊक झाल्यावर हसले.” मग म्हणाले, “म्या इतकी वर्सं लोकांच्या लेकी चुकीच्या गान्यावर लावून दिल्या.”

मी भांडले. म्हटलं, चूक असेल तर असू द्या, आम्हाला तीच पाहिजे. त्यांच्या डोक्यात ते शिरतच नव्हतं. आपल्या कानापेक्षा त्यांनी उस्तादांना मोठं मानलं होतं, आणि एकदा मानलं की त्यांच्याकडं मागं फिरणं नव्हतं. मला त्यांचा संताप येई. अजून येतो.

माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं. मास्तरांच्या अंगाखांद्यावर वाढलेली पोर. ती स्वतः त्यांच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली की माझ्या पाठवणीला तेच वाजवा, जुनं. मास्तर तिला म्हणाले, तुला तर मी खोटं देणार नाही. पाठवणीला त्यांनी ते गाणं खऱ्या वेगात वाजवलं. शिकून शिकून बऱ्यापैकी बसवलं होतं. पोरं ठेक्यावर नाचायला लागली. नणंद दारात उभी, डोळे कोरडे, ओठ घट्ट मिटलेले. माझे सासरे बाहेर निघून गेले. वाजवून झाल्यावर मास्तर घाम पुसत माझ्याकडं आले आणि म्हणाले, झालं ना बरोबर? मी हो म्हटलं.

मग बोलावणी थांबली. त्यात कुणाचा काय दोष? तेच उडतं गाणं ऐकायचं तर रेकॉर्डवर ते जास्त चांगलं लागत होतं, आणि मागं सगळा वाद्यवृंद होता. मास्तरांपाशी एकच गोष्ट अशी होती जी दुसऱ्या कुणापाशी नव्हती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं टाकून दिली. बँड मोडला. मोठा ढोल त्यांनी तंबूवाल्याला देऊन टाकला, खेळाची दवंडी पिटायला. त्यावरची अक्षरं पुसलीही नव्हती. चाची एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेली. त्यानंतर समोरच्या ओसरीवर पहाटे काहीच ऐकू येईनासं झालं. मी चूल पेटवायला उशीर करू लागले.

मास्तरांना मी शेवटचं पाहिलं ते तंबूपाशी. गावात पक्कं थेटर बांधायला घेतलं होतं, तंबूचं हे शेवटचं वर्ष, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून असेल, तंबूवाल्यानं तो पहिला सिनेमा पुन्हा आणला. दिवेलागणीच्या खेळाला मी माझ्या मुलीला घेऊन गेले. बायकांच्या बाजूला आम्हाला अगदी कडेची जागा मिळाली. कनात तिथं फाटलेली होती आणि त्यातून बाहेरचं इंजन, सोपान आणि त्याचा कंदील दिसत होता.

जत्रेचं गाणं सुरू झालं. तेच, आमचं, म्हाताऱ्या इंजनाचं. पडद्यावर पोरी बैलगाडीत हसत होत्या आणि बायकांच्या बाजूला सगळ्या डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. माझ्या शेजारची परकी बाई माझा हात धरून रडत होती. इतक्यात कंदिलाच्या उजेडात कुणीतरी आलं. मास्तर. फार वाकले होते. डगला नव्हता, नुसता सदरा. ते सोपानला म्हणाले, “इंजन जरा वाढीव, बाबा. गानं चूक वाजतंय.” सोपान नाही म्हणाला, पट्टा निसटंल म्हणाला. मास्तरांनी हात जोडले. इतक्या वर्षांच्या ओळखीचा माणूस हात जोडतोय म्हटल्यावर सोपान उठला. त्यानं इंजन वाढवलं.

गाणं वर चढलं आणि पळायला लागलं. एका क्षणात ते बार्शीचं झालं. तंबूत आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं, मशीन बिघडली. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी पडद्यावर चप्पल फेकली. माझ्या मुलीनं मला विचारलं, आई, गाण्याला काय झालं? बाहेर सोपान इंजन कमी करायला वाकला तर मास्तरांनी त्याचं मनगट धरलं. “ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “आता बरोबर हाय.” दुसऱ्या हातानं त्यांनी उजव्या कानाची पाळी धरली होती.

आणि पट्टा निसटला. पडदा काळा झाला, गाणं अर्ध्यात तुटलं. बाहेर सोपानचा कंदीलही धक्क्यानं कलंडून विझला. अंधारात आरडाओरडा ओसरला. मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी ते गाणं तुटलं होतं तिथून पुढं गुणगुणायला लागलं. जुन्या चालीनं, संथ, खालच्या पट्टीत. दुसरीनं धरलं. तिसरीनं धरलं. मीही धरलं. बघता बघता तंबूतल्या सगळ्या बायका अंधारात मास्तरांचं गाणं गात होत्या, प्रत्येक सुरावर उंबऱ्याशी थांबत.

सोपाननं बॅटरी लावली. मास्तर इंजनापाशीच उभे होते. त्यांनी दोन्ही कान तळहातांनी गच्च दाबून धरले होते.